नव्या छपराखालचा पाइप

मित्रांनो, मी एक जुना काळा पाइप आहे, आणि तोही आता अर्धामुर्धाच. माझं डोकं करवतीने कापलेलं आहे. कापणारी माणसं वाईट नव्हती, हेच तर दुखतं.

माझा जन्म घरासकट कारखान्यात झाला. तयार घर ट्रकमागे चाकांवरून अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या एका वसाहतीत आलं आणि सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसलं. सिंक, टब आणि संडास यांच्या नळ्यांपासून मी वर निघायचो आणि छपराच्या पत्र्यातून वीतभर बाहेर डोकावायचो. माझ्यातून सांडपाणी जात नसे. माझं काम नळ्यांना हवा देण्याचं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत येतं. दुसरं पाडलं की सरळ धार लागते. ते दुसरं भोक म्हणजे मी.

घर ओपलआजींचं आणि त्यांचे यजमान व्हर्नन यांचं. व्हर्नन दर शरद ऋतूत छपराला गळती रोखणारा चंदेरी रंग द्यायला वर चढत आणि माझ्या तोंडातला पालापाचोळा काढत. मला ते ओळखत होते. पण मी कोण, हे त्यांनी आजींना कधी सांगितलं नाही. मग एका हिवाळ्यात ते वारले.

पुढे छप्पर गळू लागलं. आजींच्या चर्चमधले डेल्बर्ट चार जणांना घेऊन आले. जुन्या छपरावरच नवं छप्पर ठोकायचं ठरलं. आमच्या वसाहतीत तसंच करतात. माझ्याशेजारी जुन्या शेगडीचं धुराडं होतं.

डेल्बर्टनी वरून विचारलं, "ओपलआजी, ह्या दोन नळ्या कशाच्या हो?"

"शेगडीच्याच असतील. ती तर केव्हाच काढली."

"मग उडवतो दोन्ही. जितकी भोकं कमी, तितकी गळती कमी."

माझं वरचं टोक अंगणात पडलं आणि माझ्या उघड्या तोंडावर पांढरा पत्रा आला. मग सगळ्यांनी हॅम सँडविच खाल्ली, देवाचे आभार मानले. मी मात्र त्या दिवसापासून गुदमरलो.

सिंक गुडगुड करू लागलं. टबातलं पाणी तासन्‌तास हलेना, घरभर घाण वास सुटला. आजींनी नळ्या मोकळ्या करायचं औषध बाटल्याच्या बाटल्या ओतलं. प्लंबर घराखाली सरपटत गेला, नळीत तार घातली, त्याला काहीच सापडलं नाही. छपराकडे त्याने पाहिलंही नाही; ते तर नवंकोरं होतं.

तो म्हणाला, "बाई, तव्यातली बेकनची चरबी सिंकमध्ये ओतता का?"

आजी खजील झाल्या. "कधीमधी."

"मग ती नळीत थिजते. हे त्याचंच."

त्या दिवसापासून आजी तवा कागदाने पुसून घेऊ लागल्या. भांडी घमेल्यात धुऊन पाणी पायरीवरून बाहेर फेकू लागल्या. तरी टब तुंबायचाच. तिसऱ्यांदा तार घातली तेव्हा टबाखालचा सांधा निखळला, कुणाला कळलं नाही. घराच्या जमिनीखाली थंडी अडवायला भरलेल्या कापसात पाणी मुरत राहिलं. जमिनीच्या, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या फुगल्या, कुजल्या. एका सकाळी आजींचा पाय जमिनीतून आरपार गेला.

घर आजींचं असलं तरी खालची जागा वसाहतीची होती. तिच्या व्यवस्थापकाने महिन्याची मुदत दिली: जमीन दुरुस्त करा, नाहीतर घर सोडा. डेल्बर्ट धावत आले, एकेक फळी उचलत भिंतीपर्यंत गेले आणि तिथेच बसले. सगळी जमीन गेली होती.

"छप्पर तेवढं अजून वीस वर्षं टिकेल," ते हळूच म्हणाले.

आजी बहिणीकडे राहायला निघाल्या. निघताना त्यांनी डेल्बर्टच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू मनाला लावून घेऊ नकोस रे. व्हर्नन होते तोवर काही बिघडलं नाही. मलाच घर सांभाळता आलं नाही."

मी त्या दोघांच्या डोक्यावर, दोन पत्र्यांच्या मध्ये होतो. मला ओरडून सांगायचं होतं. पण माझ्याजवळ हवाच नव्हती.

आता घर मोडायला यंत्र येणार आहे. माझं काही वाचणार नाही, आणि आजींनाही हे कुणी सांगणार नाही. मित्रांनो, पाणी तुंबलं की सगळे खाली वाकतात. तुम्ही एकदा वर चढूनही बघा. माझ्यासाठी नको. तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस न केलेल्या चुकीबद्दल स्वतःला दोष देत बसलं असेल, त्याच्यासाठी.