खापरी बेटाला नागावचा नवरा

विषय : खापरी बेटावरील मादी सापाकरिता नागाव येथील नर साप आणण्यास परवानगी मिळणेबाबत.

वरील विषयास अनुसरून, जिच्यासाठी हा सगळा पत्रव्यवहार चालू आहे ती मादी मीच बोलते आहे.

मी रेवदंड्यासमोर, समुद्रातल्या खापरी बेटावर राहते. सुकलेल्या केवड्याच्या पानासारखा रंग, बोटाएवढी जाडी आणि विष अजिबात नाही. त्यामुळे मानही नाही. मला पाहून माणसं 'चावतो का?' असं विचारतात आणि 'नाही' ऐकल्यावर त्यांचा विरस होतो.

केवड्याच्या मुळाशी माझं अंडं फुटलं. पाली खाल्ल्या, काती टाकल्या, मोठी झाले. आम्हा बेटकरांना एकाच गोष्टीचा तोरा होता. आम्ही इथले मूळचे, बाहेरचं रक्त आमच्यात नाही. सरकारलाही हे पटलं असावं, कारण आमच्या रक्षणासाठी किनाऱ्यावर पाटी लागली : बेटावर उतरू नये, बाहेरचा कुठलाही प्राणी सोडू नये. आम्ही खूश. बंदोबस्तात राहण्याचा मान कोणाला नको असतो?

पुढे अंडी नासायला लागली. लागोपाठ दोन उन्हाळे माझं एकही अंडं फुटलं नाही. शेजारणीचं एक फुटलं, तर पिल्लाचा कणा वाकडा. काही दिवस ते दगडाआड दिसलं, मग दिसलं नाही. अंड्यांपाशी बसून राहायची आमच्यात रीत नाही. मी बसले.

मग मधुवंती आली. ती जनुकांचा अभ्यास करते, म्हणजे खवल्याच्या कणभर तुकड्यावरून नाती ओळखते. पूर्वी हे काम लग्न जुळवणाऱ्या आत्याबाई करत, पण त्या पुरावा देत नसत. मधुवंतीला घेऊन येते रेवदंड्याची भागुबाई. तिला सापांची इतकी भीती, की ती होडीतून खाली उतरत नाही, आणि सगळं बोलणं ओरडून होतं. सापाला ऐकू येत नाही अशी दोघींची समजूत असल्याने माझ्यादेखत काहीही बोलतात.

मधुवंतीने माझ्या पोटावरच्या खवल्याची कड हलक्या हाताने कातरली आणि म्हणाली, "झालं गं बाई, झालं." आजवर मला कोणी बाई म्हटलं नव्हतं.

निकाल घेऊन ती पुन्हा आली तेव्हा कपाळाला आठ्या होत्या.

"भागूमावशी, इथले साप एकमेकांची सख्खी भावंडं म्हणावीत इतके जवळचे झालेत. म्हणून अंडी नासतात. पण म्हाताऱ्या सापांत किनाऱ्यावरच्या नागावकडचं रक्त बरंच आहे, तरुणांत जवळजवळ नाही. पूर्वी तिकडून साप येत होते आणि मग बंद झाले. पण एवढं अंतर पोहून कसे आले असतील?"

भागुबाईने आवाज खाली आणला. ही या किनाऱ्यावर दखल घेण्याजोगी घटना होती.

"बाय, दंड तं न्हाय ना करनार?"

"कशाचा?"

"नागावला घरात पोटुशी बाय असली नि साप निघला, तं मारीत न्हाईत. दारातपन सोडीत न्हाईत. टोपलीत घालून माज्याकडं देत. मी डोलं मिटून हितं टोपली उलटी करायची. दादांच्या वाडीतनं तं लई आलं."

"मग बंद का केलंत?"

"आता गो! तुमीच पाटी लावलीव ना!"

मधुवंती वाळूत बसून हसत सुटली. मला हसू येईना. म्हणजे आमचे आजोबा टोपलीत बसून आले होते. म्हणे मूळचे रहिवासी!

मधुवंतीने नागावच्या वाड्या पालथ्या घातल्या. बहुतेक ठिकाणी आता पाहुण्यांच्या खोल्या आणि पोहायचे तलाव. भागुबाईने सांगितलेल्या त्या म्हाताऱ्या दादांच्या वाडीत मात्र, नारळाच्या सोडणांच्या, म्हणजे सालींच्या ढिगात, एक नर सापडला. खवला तपासला, तर आमच्याच जातीचा, पण जवळच्या नात्यातला नाही. याहून चांगलं स्थळ कुठलं?

बेटावरूनच तिने दादांना फोन लावला. दादा इतक्या मोठ्याने बोलतात, की माझ्या बिळाशी वाळू हलली.

"अगं, मग घेऊन जा की त्याला! आमच्या सुश्रुतला तिथे पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करायच्यात. रोज विचारतो, ढीग कधी हलवायचा. मी सांगतो, थांब, आत नवरदेव आहे."

"परवानगी लागते, दादा. अर्ज केलाय."

"आम्ही टोपलीतून धाडत होतो तेव्हा कोण विचारत होतं?"

"तेव्हा एखादा रोगही धाडला असतात, तर कळलं असतं का? तपासूनच न्यायला हवा."

"तेही खरंच. पण पावसाआधी होऊ दे हो. एकदा होड्या वर ओढल्या की चार महिने तुला कोण नेणार? आणि तोवर पोराला मी थोपवू शकणार नाही."

कार्यालयाकडून विचारणा आली आहे : बाहेरच्या नरामुळे मूळ शुद्ध जातीत भेसळ होणार नाही ना, याचा खुलासा करावा. प्रश्न चुकीचा नाही. तरुणपणी मीही हेच विचारलं असतं. मधुवंतीने सविस्तर खुलासा पाठवला आहे, त्यात आमचे आजोबाही आले.

माझं वय झालं. अंडी घालण्याचा आणखी एक हंगाम निभेल, फार नाही. यंदा तो आला नाही, तर त्याच्यासाठी दुसरी कोणी तरुण शोधा. मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

आजची स्थिती अशी : मी बेटावर आहे. तो ढिगात आहे. ढीग जागेवर आहे. समोरच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढायला सुरुवात झाली आहे. खुलासा मिळाल्याची पोच आली आहे. अर्ज विचाराधीन आहे.