बटणावरची फडफड

फिकट पिवळा, बारीक काळ्या रेघेचा तो चौकोन पुन्हा उमटला – बटणावर माउसचा बाण नेऊन थांबलं की खाली उमटणारा, ‘नोंद कायमची पुसा’ एवढंच सांगणारा. गोदामांच्या साठ्याच्या प्रोग्रॅममधल्या सगळ्या टूलटिप त्याला बदलायच्या होत्या. जुनाट दिसतात, असं गिऱ्हाइकाचं म्हणणं. पार्श्वभूमीचा रंग, कडेची जाडी, कोपऱ्यांची गोलाई, किती थांबून उमटायचं... सकाळपासून तो एवढंच करत होता, आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी उमटलेले दात दर वेळी कीबोर्डच्या कडेला लागत होते.

दात अण्णांचे. वडिलांना आता कशाचंच नाव आठवत नाही. सकाळी तो त्यांची दाढी करत होता, तेव्हा ब्रशकडे बघून त्यांनी विचारलं, हे काय? ब्रश, अण्णा. हे काय? साबण. हे काय... आणि मग चावा, आणि मग टॉवेल त्यांच्या तोंडावर गेला. गेला म्हणजे? मी नेला. मी दाबला. टाचा फरशीवर आपटू लागल्या तरी दाबून धरला, आणि दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशींनी तेवढ्यात बेल वाजवली नसती तर – तर काय, हे त्याला नीट ठाऊक होतं. मावशी सहाला घरी जातात. त्यानंतर घरात दोघंच.

ऑफिसात सगळे नुसतं ‘टीप’ म्हणत. टीप दिसत नाही, टीप मोठी कर. त्याला त्यामागून दुसराच शब्द ऐकू येई. टिपला. अण्णा धान्याच्या गोदामावर राखणदार होते. छपरातल्या कबुतरांवर छऱ्याची बंदूक रोखायचे आणि नाक शिंकरावं तितक्या सहज म्हणायचे, टिपला. पोत्यांमागे पडलेलं पाखरू हुडकून आणायचं काम त्याचं. पुष्कळदा ते जिवंत असे, मुठीत गरम, आणि मान त्यानंच मुरगळायची... जमलं नाही की बंदुकीचा दस्ता पाठीत. रडलास तर अजून एक. रडला नाहीस तर माजलास, म्हणून अजून एक.

त्याने प्रोग्रॅम चालवून पाहिला. नवी टीप नेमकी बाणाच्या टोकाखाली उमटत होती, त्यामुळे बाण बटणावर न राहता टिपेवर यायचा, टीप नाहीशी व्हायची, बाण पुन्हा बटणावर, की पुन्हा टीप – उमटे, विझे, उमटे, विझे, जागच्या जागी नुसती फडफड. नवशिक्यांची चूक. एका ओळीत सुधारली असती. पण तो हात न हलवता बघत बसला, दाढा एकमेकींवर रुतवून. थांबवायला नको, आपोआप थांबेपर्यंत बघू, असं काहीतरी मनात...

“अरे, हे काय?”

मागे टीमची प्रमुख उभी होती. त्या दोन शब्दांसरशी त्याची मूठ आवळली. वळावं आणि हा स्क्रीन उचलून तिच्या तोंडावर... काच, दात, रक्त, सगळं त्याला लख्ख दिसलं, आणि दिसलं तेवढ्यानंच थोडं हलकं वाटलं.

“तडफडतंय ते. बघवत नाही,” ती म्हणाली. “आणि रंग काय हा? खून पडलाय का इथे?”

तेव्हा त्याने पाहिलं. पार्श्वभूमी काळपट लाल झाली होती. कधी निवडला आपण हा रंग? तो उशिरानं हसला. तिने समजुतीच्या सुरात सांगितलं की टीप बाणापासून जरा खाली, बाजूला सरकव. माणूस अडला असेल तर सांगायचं, अंगावर बसायचं नाही. त्याने टीप खाली सरकवली, रंग राखाडी केला. फडफड थांबली. थांबल्याचं त्याला वाईट वाटलं.

दुपारी जिन्यात जाऊन त्याने ताईला फोन लावला. अण्णांना थोडे दिवस ने, एवढंच म्हणायचं होतं. ती स्वतःच्या गुडघ्यांचं सांगत राहिली, सासूबाईंचं, घरातल्या अडचणीचं. शिवाय तुझ्याच हातून जेवतात रे ते, असंही. तो मध्येच म्हणाला,

“ताई, मी मारीन गं त्यांना.”

ती खळखळून हसली. “मार की एक. माझ्यातर्फेही ठेवून दे.”

मारीन. दुसरा शब्द वापरायला हवा होता – जीव घेईन, संपवीन – पण ते नाटकातल्यासारखे वाटले, आणि तोवर ताई पाहुण्यांचं सांगू लागली होती. एका शब्दात दोन्ही मावतं, आणि ऐकणारा आपल्याला सोसेल तेवढं घेतो.

संध्याकाळी मावशींनी दारातच चपला चढवल्या. आज काही त्रास नाही, म्हणाल्या. दिवसभर गप्प आहेत, दाराकडे बघत. त्या गेल्या. तो बूटही न काढता आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर आला.

अण्णा पलंगावर बसले होते. त्याला पाहताच ते भिंतीपर्यंत मागे सरकले आणि त्यांनी कोपर वर केलं, चेहऱ्याच्या आड. कोपराच्या वरून एक डोळा फक्त.

ते कोपर त्याला ठाऊक होतं – आतल्या बाजूनं. तिथला अंधार, स्वतःच्याच श्वासाची वाफ. बाहेरून मात्र तो ते पहिल्यांदाच बघत होता. बाहेरून किती लहान दिसतं... आणि छातीतून काहीतरी उबदार निघून खाली तळहातांपर्यंत उतरलं. कीव नव्हती ती. त्याला बरं वाटत होतं, इतकं की भीती वाटावी, आणि भीतीनंही ते जात नव्हतं.

अण्णा, मी आहे, एवढं म्हटलं की कोपर खाली येईल, हे त्याला कळत होतं.

तो बोलला नाही.