बहिणीच्या घराचं मागचं दार

मी अडतीस वर्षं टपाल वाटलं. माणसांची तोंडं विसरतो, पण दारं विसरत नाही. लेक म्हणते, "बाबा, तुम्हाला जावयाचा वाढदिवस आठवत नाही!" खरं आहे तिचं.

नातीच्या शिकवणीच्या सरांना पोलिसांनी धरलं, त्याला पाच महिने झाले. नात दहा वर्षांची. काय झालं ते तिने एकदा आईला सांगितलं, एकदा पोलीस बाईंना, आणि मग ती गप्पच झाली. मी ते इथे लिहिणार नाही. शाळा तर सुटलीच होती. गेल्या महिन्यापासून पुन्हा जायला लागली, पण अट घालून: फाटकापर्यंत आजोबांनी सोडायचं. माझे गुडघे कुरकुर करतात, त्यामुळे शाळेच्या भिंतीकडेच्या बोळातून आमची वरात गोगलगायीच्या चालीने निघते. ती माझ्या पिशवीचा पट्टा घट्ट धरून असते.

अशात त्याने जामिनासाठी अर्ज केला. मुलीच्या घरच्यांचं ऐकल्याशिवाय असल्या गुन्ह्यात निर्णय होत नाही, म्हणून आम्हालाही नोटीस आली. मी आणि लेक गेलो.

खोलीत मोजकीच माणसं होती. त्याचे वकील फार गोड बोलत होते. तपास संपलाय, माणूस पळून जाणारा नाही, खटला कधी उभा राहील देव जाणे. सुटला तरी तो स्वतःच्या घरी जाणार नाही, बहिणीकडे राहील, आणि तिथून शाळा रस्त्याने चांगली अडीच किलोमीटर. सरकारी वकिलांनी विरोध केला, पण अंतर ऐकल्यावर तेही नुसते कागद चाळू लागले. लेकीने माझा हात आवळला. मग त्याच्या वकिलांनी बहिणीचा पत्ता वाचला.

माझं डोकंच फिरलं. मी ताडकन उठलो, म्हणजे गुडघ्यांनी उठू दिलं तेवढ्या ताडकन.

"मॅडम, हे घर मला माहितीये."

"आपण कोण?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"मुलीचा आजोबा. पोस्टमन होतो. पुढचं दार मोठ्या रस्त्याला आहे, तिथून अडीच किलोमीटर बरोबर. पण मागचं दार शाळेच्या बोळात उघडतं. फाटकापासून चाळीस पावलं."

"खात्री आहे तुमची?"

"पुढच्या दारी कुत्रा होता. दोनदा चावला मला. त्यानंतर त्या घरातली सगळी रजिस्टर पत्रं मी मागच्या दारानेच दिली. पोटरी दाखवू का?"

"पोटरी राहू द्या," बाई म्हणाल्या. हसू आलं होतं, पण त्यांनी ते आवरलं. तपास अधिकाऱ्याला त्यांनी लगेच दार बघायला पाठवलं.

दुपारी तो परतला. दार होतं.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "आरोपी दोषी आहे की नाही, ते मी आज ठरवत नाही. जामीन नाकारणं म्हणजे शिक्षा नव्हे. मला एवढंच बघायचंय, की त्या मुलीला न घाबरता साक्ष देता येईल का. ज्यांनी दार सांगितलं नाही, त्यांच्या हमीवर मी कशी विसंबू?" अर्ज फेटाळला. मुलीची साक्ष झाल्यावर त्याला पुन्हा जामीन मागता येणार होता. बाहेरच्या बाकावर लेक ढसाढसा रडली. मीही रडलो, उगाच खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी बोळात नातीने विचारलं, "ते सुटले?"

"नाही. तुझी साक्ष होईपर्यंत तरी नाही."

"आणि मग?"

आता कधीच सुटणार नाही, असं सांगून टाकावं, असं फार वाटलं. पण या पोरीला एका मोठ्या माणसाने आधीच फसवलं होतं.

"मग तो पुन्हा मागेल. मी पुन्हा उठून सांगेन."

तिने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"तुम्ही नका उठू आजोबा, तुमचे गुडघे दुखतात," ती म्हणाली. "तेव्हा मी सांगेन."

पट्टा मात्र तिने फाटकापर्यंत सोडला नाही.