अण्णांनी मागितलेला पासवर्ड

वकिलांच्या त्या ऑफिसात तिला चिकटवलं ते अण्णांनीच. अण्णा तिथले मॅनेजर, तिच्या वडिलांचे जिवलग मित्र. वडील गेले तेव्हा त्यांनी तिच्या आईला शब्द दिला होता, की पोरगी आता माझी.

ऑफिसातले कॉम्प्युटर आणि प्रिंटर ती सांभाळायची. छापलेल्या कागदाची एक प्रत प्रिंटर स्वतःच्या पोटात ठेवून घेतो, हे तिथे कुणाच्या गावीही नव्हतं. तिनं सेटिंग बदलली. यंत्रापाशी जाऊन आपला नंबर दाबल्याशिवाय कागद बाहेर येईना, आणि पोटातल्या प्रती रोज संध्याकाळी आपोआप पुसल्या जायच्या. सगळ्यांनी नाकं मुरडली. थोरले वकीलसाहेब तर म्हणायचे, एका कागदासाठी यंत्रापुढे हजेरी लावायची का? ती हसायची, पण सेटिंगला कुणाला हात लावू द्यायची नाही.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती रजेवर होती, तेव्हा दवाखान्यात अण्णांचा फोन आला. प्रिंटर अडलाय, पासवर्ड हवाय. अण्णांना नाही कसं म्हणायचं? तिनं सांगून टाकला.

ती कामावर परतली तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून वेगळी राहू लागलेली एक बाई ऑफिसची अशील होती. तिचा जबाब कुणीतरी प्रिंटरच्या पोटातून पुन्हा छापून घेतला आणि तो नवऱ्याच्या हाती गेला. जबाबात बाईचा नवा पत्ता होता. नवरा थेट दारात जाऊन उभा राहिला. शेजारी धावले म्हणून ती वाचली.

साहेबांनी तिला आणि अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. नंबराची अट आणि प्रती पुसणं, दोन्ही बंद केलेलं होतं. बदल कुणी केला, याची नोंद यंत्रात होती, पण पासवर्ड तिचा, म्हणून नावही तिचंच.

ती निर्धास्त होती. अण्णा बोलतीलच.

"यंत्रांचं सगळं हीच बघते," अण्णा म्हणाले. "मला त्यातलं काही कळत नाही."

तिला वाटलं, ते विसरले असतील. "अण्णा, मी दवाखान्यात होते. तुम्ही फोन करून पासवर्ड मागितला होता."

"तसं काही आठवत नाही, पोरी."

तिनं साहेबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. फोनचं खरंखोटं करू या, असं त्यांनी म्हटलं नाही. कुणाच्या कटकटीपायी ती सेटिंग बंद झाली, हे तिला तेव्हा कळलं. दोघांनाही सगळं ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत तिच्या हातात राजीनाम्याचा कागद ठेवला गेला, आणि तिनं सही केली.

रविवारी अण्णा घरी आले. आई स्वयंपाकघरात जाताच ते खालच्या आवाजात म्हणाले, "माझी निवृत्ती तोंडावर आलीय. साहेबांनी सांगितलं, मी केलं. तू तरुण आहेस, तुला दुसरीकडे कुठंही मिळेल."

आई चहा घेऊन बाहेर आली. नोकरी गेल्याचं तिला कळलं होतं, कशी गेली ते नाही. ती म्हणाली, "भावजी, आता तुम्हीच हिला कुठंतरी लावून द्या."

"बघतो ना, वहिनी."

"काही बघू नका," मुलगी म्हणाली. "चहा घ्या आणि या."

चहा तसाच टाकून अण्णा उठले. आईनं तिला चांगलंच फैलावर घेतलं. मग तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, आत्ता खालच्या आवाजात झालेलं बोलणंसुद्धा.

"तुझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल," आई म्हणाली. "अण्णा असं करायचे नाहीत."

केबिनमध्ये तिच्या डोळ्यांत टिपूसही आलं नव्हतं. आता मात्र ती कपबशा घेऊन आत गेली, नळ मोठा सोडला आणि रडली.