फुटाला एक इंच

आमच्या घरातली पहिली चिमुकली खुर्ची हिरड्यांच्या रंगाची होती. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. मुलीला कांजिण्या आल्या, पोर रडून रडून घर डोक्यावर घेत होती, तेव्हा त्यानं कवळीच्या उरलेल्या गुलाबी मसाल्याची बोटभर खुर्ची करून तिच्या उशाशी ठेवली. मुलगी पंधरा दिवसांत बरी झाली. नवऱ्याला जे लागलं, ते काही आजतागायत बरं झालेलं नाही.

खुर्ची आली म्हणून टेबल आलं. टेबल आलं म्हणून त्यावर दिवा, आणि दिवा खराखुरा लागलाच पाहिजे म्हणून वायर. मग माझी नणंद सामील झाली. ती शिवणकाम करते. नखाएवढ्या उशा आणि तळहाताएवढ्या गाद्या शिवताना बाई इतकी रंगायची की गिऱ्हाइकांचे कपडे आठ आठ दिवस तसेच पडून राहायचे. मुलगी मोठी झाली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली, पण तिचा खेळ माझ्या बैठकीच्या खोलीतून तसूभर हलला नाही. उलट आमचा सोफाच झोपायच्या खोलीत गेला. पाहुणे आमच्या पलंगाच्या काठावर बसून चहा प्यायचे आणि म्हणायचे, ‘वा, काय कला आहे!’ त्यांचं काय जातंय म्हणायला!

नवऱ्याचा नियम एकच. फुटाला एक इंच. खऱ्या वस्तूत जिथे फूट, तिथे आमच्यात इंच. केसभर चुकलं तरी ती वस्तू हातोडीखाली जायची. एकदा वाचनालयाची शिडी जरा उंच झाली, म्हणून महिनाभराचं काम त्यानं माझ्या डोळ्यांदेखत फोडलं आणि वर मलाच म्हणाला, “बघतेस काय, केर काढ.” धूळ झटकणं हे माझं खातं. शून्य नंबरच्या ब्रशानं रोज चाळीस खुर्च्या झटकायच्या आणि आपण मात्र उभं राहायचं, कारण बसायला घरात जागा नाही.

मी या माणसाकडे जन्मात एकच गोष्ट मागितली होती. माझ्या माहेरचं स्वयंपाकघर करून द्या. मी सात वर्षांची असताना रस्तारुंदीत आमचं घर पाडलं, त्यानंतर दोन वर्षांत आई गेली, आणि त्या खोलीचा एक फोटोसुद्धा कुणाकडे नाही. “पुढचं तेच,” तो म्हणाला. पुढचं झालं रेल्वे स्टेशन. त्याच्या पुढचं न्यायालय. मग नगराध्यक्षांचं दालन झालं. ते बघायला स्वतः नगराध्यक्ष आले आणि आपल्याच खुर्चीकडे इतका वेळ प्रेमानं बघत राहिले की आम्हाला जुन्या टपाल कचेरीची अख्खी इमारत मिळाली. संग्रहालय! संचालक म्हणून एक बाई नेमल्या. त्या रोज फोन करायच्या, “सर, अजून एक दालन रिकामं आहे.” झालं, माझं माहेर पुन्हा मागे.

तीस वर्षं मी गप्प बसले. मग एके सकाळी नवऱ्याच्या हातातली कपबशी खडखड वाजली. डॉक्टर म्हणाले, हात आता असाच राहणार, वाढेल पण कमी होणार नाही. घरी आल्या आल्या मी फोनची वायर काढली आणि म्हटलं, “अहो, या हातात जेवढं बळ उरलंय ना, तेवढं माझं. नगरपालिकेला त्यातलं काडीभर मिळणार नाही.”

तो वरमला. लगेच टेप आणि वही घेऊन बसला.

“फळी किती उंच होती?”

“हात पोचायचा नाही.” मी उभी राहून हात वर ताणला. त्यानं जमिनीपासून बोटांपर्यंत मोजलं आणि वर चार इंच धरले.

“खिडकी?”

“टाचा उंच केल्या की बाहेरचं दिसायचं.” मी टाचा उंच केल्या. त्यानं हनुवटीपर्यंत मोजलं.

“ओट्यावर काय होतं?”

“काय माहीत. दिसायचाच नाही वरून.”

असं सगळं. चार महिने लागले. नणंद तुकडे धरायची, तो कापायचा, आणि हात थरथरला की तिघंही श्वास रोखायचो. झालं तेव्हा मी बघतच राहिले. अगदी तेच! तीच खिडकी, तीच न पोचणारी फळी. मी नवऱ्याला म्हटलं, “तुमचे सगळे अपराध माफ.”

मग मीच ते हौसेनं संग्रहालयाच्या त्या रिकाम्या दालनात मांडायला दिलं. उद्घाटनाला माझा दादा आला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मी त्याला हाताला धरून थेट शेवटच्या दालनात नेलं. त्यानं चष्मा लावला, वाकून बघितलं आणि हसत सुटला.

“हा कुठला राजवाडा गं?”

“दादा, आपलं स्वयंपाकघर!”

“छे! आपल्या स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला बाहेर थांबावं लागायचं. फळी माझ्या खांद्याला लागायची.” मग त्यानं नवऱ्याकडे पाहिलं. “जावईबापू, हिला मापं विचारलीत? अहो, ही तेव्हा एवढीशी होती!” आणि त्यानं कमरेपाशी हात धरला.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. केसभर चुकीसाठी शिड्या फोडणारा माणूस! वही भरून आकडे लिहिले, पण बायको तेव्हा केवढी होती हे विचारायचं त्याला सुचलं नाही. आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.

“वर माळा होता,” दादा सांगत होता. “इतका खाली की आई आत गेली की वाकूनच असायची. ताठ झाली की डोकं आपटायचं. शेवटी शेवटी पाठीनं किती छळलं तिला, तुला कुठलं आठवणार.”

मला आठवत होतं. आई माझ्याकडे वाकलेली, नेहमीच. मला जन्मभर वाटत आलं होतं की मी बोलायला लागले की ती माझं ऐकायला वाकते. मला तिथेच, सगळ्या पाहुण्यांसमोर, रडू फुटलं. दादाचा रागही आला. साठ वर्षं गप्प होतास, आजही गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं?

तोवर नवऱ्यानं खिशातून पेन्सिल काढली होती. ती हातात नुसती नाचत होती. “दादा, माळा किती उंचीवर होता? नीट आठवून सांगा. मी हे सगळं उतरवतो आणि पुन्हा करतो.”

मी पेन्सिल काढून घेतली.

“अगं, पण हे चुकलंय.”

“चुकू दे. त्या घरात ती कायम वाकून उभी राहिली. इथे तरी माझ्या आईला ताठ उभं राहू द्या.”