उजवा खिसा, डावा खिसा

न गायलेले कागद उजव्या खिशात. गायलेले डाव्या.

आमचा नियम एवढाच. बाकी सगळे त्यांचे. राजाच्या पदरच्या नाटक मंडळीने हुकूम आणला: जत्रेतल्या रंगमंचावर कोणी तोंड उघडायचं नाही. उघडलं तर मांडव मोडणार. फ्रेंच भाषा जणू त्यांच्या बापाची!

म्हणून मी कागदावर मोठ्या अक्षरात ओळी लिहितो. नट गुंडाळी उलगडतो, फिडलवर ओळखीची चाल वाजते, ओळी प्रेक्षक गातात. नट मुका. लेखक त्याहून मुका.

•

पॅरिसमधली सँ-लोराँची जत्रा, शेवटचा शनिवार. मांडव आमच्या मालकिणीचा, गोबेरबाईचा.

"तिबो, मागे उभा राहा. तुझं तोंड बघून दूध नासेल," ती मला म्हणाली.

"नासू दे."

उजवा खिसा. शेतकऱ्याच्या वेषातल्या आमच्या नटीने, पेरीनने, पहिली गुंडाळी उघडली. चारशे माणसं गायली:

*हंसीण माझी कोणी नेली, कोण शहाणा चोर?*
*दाखवा हो, दाखवा त्याला, उभा करा समोर!*

फालतू ओळी. जेवता जेवता खरडलेल्या. खरी धार पुढच्या अकरा गुंडाळ्यांत होती. तीन महिने घासलेली.

पहिली डाव्या खिशात गेली, आणि कोतवाल रंगमंचावर चढला.

"कोण बोललं?"

"कोणी नाही, साहेब," गोबेरबाई खालून ओरडली. "हवं तर तिच्या तोंडात बोट घालून बघा. चावते मात्र."

त्याने पेरीनचा उजवा खिसा उपसला. नेमका उजवा! राजाच्या मंडळीनेच पढवून पाठवलं होतं, दुसरं कोण. माझे तीन महिने त्याच्या काखेत.

पेरीनचा हात डाव्या खिशात गेला.

अगं, तो गायलेला! मी ओठ चावला. रक्त आलं.

तिने तोच कागद उघडला आणि कोतवालाला खेटून उभी राहिली. फिडल वाजलं.

*हंसीण माझी कोणी नेली...*

चारशे बोटं त्याच्या काखेकडे. पुन्हा. तिसऱ्यांदा बाकं बडवत.

"चूप!" कोतवाल किंचाळला. "चूप बसा!"

मागून एक मासळीवाली:

"अहो साहेब, तिथं बोलायला बंदी आहे! लिहून आणा, आम्ही गाऊ!"

•

मांडव त्याच संध्याकाळी मोडला. अकरा गुंडाळ्या परत आल्या नाहीत.

हंसिणीचं गाणं मात्र पॅरिसभर चाललंय. कोतवाल दिसला की पोरंसोरं गातात. राजाची मंडळीही आता ते आपल्या रंगमंचावर म्हणते. मोठ्याने. तोंड उघडून.