उजव्या हाताची सीट

आमच्या ह्यांच्याकडे मी आयुष्यात एकच गोष्ट हट्टानं मागितली, जीपची किल्ली. दागिना नाही, साडी नाही. ती किल्ली हे करदोट्याला बांधून फिरायचे. झोपायचे तिच्यासकट, आंघोळीला बसायचे तिच्यासकट. आणि मी सकाळ-संध्याकाळ त्यांच्या मागे, अहो, द्या ती किल्ली, नेवाशाचा माणूस जीप घ्यायला केव्हाचा तयार आहे. माझी पिठाची गिरणी आहे, दिवसभर दळून मला कंटाळा येत नाही. पण ह्या एका बोलण्यानं मी पार थकून गेले होते.

गाव आमचं बेलापूर. हे श्रीरामपूर ते नेवासा माणशी भाड्यानं, वडापची जीप चालवायचे. भाऊसाहेबांची जीप म्हटलं की बाया एकट्यानं पण बसायच्या, इतकं नाव होतं. वडापच्या जीपमध्ये माणसं कशी भरतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मागे भरतात, पुढे भरतात, आणि शेवटचं एक माणूस ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, दाराच्या कडेला अर्धं बूड टेकवून बसतं. त्या सीटवर हे वाटेल त्याला बसू द्यायचे नाहीत. दारू प्यालेला नको, पेंगणारा नको. जो बसेल त्याला आधी सांगायचे, "दार धर. बाकी मी हाय." लग्नानंतर पहिल्यांदा नेवाशाला नेलं तेव्हा मला तिथंच बसवलं होतं. रस्ता खड्ड्यांचा, पण मला एकदाही भीती वाटली नाही.

मग काचबिंदू निघाला. नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला सरळ सांगितलं की समोरचं दिसतंय, कडेचं गेलंय, नळीतून बघावं तसं हे जग बघतात. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं टिकवायला थेंब घाला, आणि गाडी बंद. ह्यांना काही पटलं नाही. कसं पटणार? हे पेपर वाचायचे, सुईत दोरा ओवून द्यायचे. "मला दिसत न्हाई म्हनतो, आन् त्याच्या भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ मीच वाचून दाखिवली," असं गावभर सांगत सुटले. घरात मात्र बादलीला अडखळायचे आणि बादली वाटेत ठेवली म्हणून मलाच बोलायचे. एकदा जीपला उजव्या बाजूनं येणाऱ्या दूधवाल्याची सायकल घासली. तो पडला कालव्यात, कॅन एकीकडे, तो एकीकडे. नशीब त्याला पोहता येत होतं. हे म्हणाले, "कुठनं आला त्यो? मघाशी नव्हता." मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्या दिवसापासून जीप दारात ताडपत्रीखाली उभी. पण रोज सकाळी हे ती चालू करायचे. बॅटरी उतरते म्हणे. इंजिनाचा आवाज आला की माझे हात पिठात तसेच थांबायचे, आवाज लांब जातोय का ते ऐकायला.

नितीन माझा धाकटा भाऊ, संगमनेरला कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. एकोणीसशे नव्व्याण्णवची दिवाळी होती. भाऊबीजेला आला, माझं रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, दाजींना गाडी चालवायचीय ना? घरात चालवू दे. क्लासमधला जुना कॉम्प्युटर पडून आहे. स्टिअरिंग मिळतं, पायात ब्रेक, ॲक्सिलरेटर मिळतात. स्क्रीनवर रस्ता येतो. मोटारींची शर्यत असते."

मला ते पोरखेळ वाटलं. ह्यांना मात्र शर्यतीचं नाव काढल्यावर राग आला. "मी काय शर्यतीचा ड्रायव्हर हाय का? मानसं नेतो मी." पण दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, ते स्टिअरिंग केवढं असतंय. नितीननं संधी साधली. म्हणाला, मनासारखं झालं तर किल्ली ताईला द्यायची. हे हसले. "मनासारखं झालं तर देतो, पाव्हनं. व्हनार न्हाई."

स्टिअरिंग निवडायला तिघं पुण्याला गेलो. दुकानदारानं एक काढून ठेवलं, वरून कापलेलं, अर्धवट. हे म्हणाले, हे विमानाचं दिसतंय, मला उडायचं न्हाई. दुसरं दिसायला जोरकस, पण गिअर चाकाच्या मागे, बोटानं टिचकी मारायची. "गिअर बोटानं पडतो व्हय? मग हात कशाला दिलाय देवानं?" तिसरं अख्खं गोल होतं, बाजूला छोटा दांडा. त्यावर हात फिरवून हे जरा खूश झाले. मग खाली वाकून बघितलं आणि उभे राहिले. "क्लच कुठंय?" दुकानदार म्हणाला, दोनच पेडल येतात, क्लच नसतो. ह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं बिचाऱ्यानं पाणी मागवलं. शेवटी नितीन म्हणाला, दाजी, परदेशात लई गाड्यांना क्लच नसतोय. "म्हनून तिकडची मानसं आळशी," असं म्हणून घेतलं एकदाचं.

घरी आणल्यावर खरी कटकट सुरू झाली. स्टिअरिंग टेबलाला स्क्रूनं आवळायचं होतं, आमच्या टेबलाची फळी जाड. नितीननं कडेला रंधा मारून ती पातळ केली. बसायला मी म्हटलं, जीपचंच पुढचं सीट काढा की. माझ्या मनात होतं की सीट निघालं तर जीप निदान जागची हलणार नाही. ह्यांनी ओळखलं. "जीपला हात लावायचा न्हाई," म्हणाले, आणि श्रीरामपूरच्या भंगारातून दुसऱ्या जीपचं लांब सीट घेऊन आले. ते विटांवर ठेवलं. उंच झालं, विटांचा एक थर काढला. मग पेडल फरशीवरून सरकायला लागली. ब्रेक दाबला की ब्रेकच पुढे पळायचा. त्याला टेका म्हणून गिरणीचं झिजलेलं जातं मी लोटत आणून दिलं. माझी कंबर धरली, पण पेडल हललं नाही.

नितीननं स्क्रीन, स्टिअरिंग, सगळं सीटच्या बरोबर मध्यावर मांडलं होतं. हे आले, बसले, उठले. "मधी बसून कोन गाडी चालवतंय? हिकडं डाव्या अंगाला तीन मानसं बसायचीत." नितीन म्हणाला, दाजी, माणसं कुठून येणार? हे ऐकेनात. सगळं उजवीकडे सरकवलं. टेबल हलवलं, स्क्रीन हलवली, वायरी पुरेनात म्हणून प्लगची फळी नवी आणली. एवढं झाल्यावर ह्यांनी उजवीकडे बघितलं. तिकडे सीट संपलं होतं. मग रॉकेलचा रिकामा डबा पालथा घालून हातभर अंतरावर ठेवला. ती उजव्या हाताची सीट. नितीन माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, बाबा, मी वीस वर्षं बघतेय, तू दोन दिवसांत थकलास.

कॉम्प्युटरला चाक ओळखू येण्यासाठी ते पार डावीकडे, पार उजवीकडे फिरवायचं होतं आणि पेडल तळापर्यंत दाबायची होती. हे नाजूकपणे दाबायचे. नितीन ओरडायचा, पूर्ण दाबा. हे म्हणायचे, इंजिन फाटंल. इंजिनच नव्हतं, पण ते पटवायला त्याला दुपार लागली.

आणि मग रस्ता दिसला. परका देश, गुळगुळीत डांबर, खड्डा म्हणून नाही. बाकीच्या मोटारी सुसाट निघून गेल्या. हे आपले डाव्या अंगानं सावकाश निघाले, वळणाआधी गिअर उतरवून, डावा पाय नसलेल्या क्लचवर आपटत. शेवटचा नंबर आला. ह्यांना त्याचं काही नाही. "घासली का कुठं गाडी? न्हाई ना?" असं म्हणून दुसरी फेरी सुरू केली. कित्येक महिन्यांनी मी ह्यांना शीळ घालताना ऐकलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दळण घेऊन आलेल्या दगडाबाई पाटी मांडीवर घेऊन सीटवर टेकल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, मला नेवासा फाट्याला उतरवा." हे म्हणाले, "सुट्टे काढून ठेवा मावशी."

त्रास एकच होता. मी गिरणीची मोटर सुरू केली की घरातली लाईट दबायची आणि कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. मग ह्यांची फेरी होईस्तोवर मी थांबायचे. बायका दारात खोळंबायच्या, मला बोलून घ्यायच्या. मी ऐकून घ्यायचे. किल्ली मिळेल ह्या आशेवर मी काहीही ऐकून घेतलं असतं.

पण झालं उलटंच. हे रोज चालवून तयार झाले. वेगात जायला लागले, कुठे घासायचे नाहीत, पुढच्या मोटारी धरायला लागले. का नाही धरणार? ती स्क्रीन चौदा इंची. सगळं जग समोर, वीतभर जागेत. तिच्यात कडेनं येणारं काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते त्या नळीत ती अख्खी मावत होती. हे माझ्या डोक्यात यायला उशीर झाला. आणि त्याच संध्याकाळी पहिला नंबर आल्यावर हे मला बोलावून म्हणाले, "बघितलंस? डोळं गेलेला मानूस असा चालवंल का? परवा बाजार हाय. जीप काढतोय मी. चार मानसांना सांगूनबी आलो."

मी रडले, भांडले, नितीनला फोन लावला. तो येतो म्हणाला, तोवर बाजार उजाडणार होता. ह्यांना म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. "मनासारखं झालं तर, असं म्हनलो हुतो. मला रस्ता पायजे, जयमाला. खेळ न्हाई." रागही येत होता आणि कीवही.

बाजारच्या दिवशी सकाळी ह्यांनी जीपची ताडपत्री काढली, काच पुसली, धुतलेला शर्ट घातला. माणसं यायला वेळ होता. म्हणाले, तवर कॉम्प्युटरवर एक फेरी मारतो, हात मोकळा व्हतो. मी चहा टाकला. भांडायचं त्राणच उरलं नव्हतं. चहाचा कप घेऊन मी बाहेरच्या खोलीत आले, आणि दुसरीकडे कुठे टेकायला जागा नव्हती म्हणून त्या डब्यावर बसले. म्हटलं, चहा देते आणि शेवटचं एकदा सांगते.

मी बसले तरी ह्यांनी बघितलं नाही. मला वाटलं, रागात आहेत. गाडी जोरात चालली होती. आवाज मोठा होता. मी कप पुढे केला. ह्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर माझा हात होता. हे बघेनात. मी तशीच हात धरून बसले.

मग ह्यांनी डावीकडे मान वळवून स्वयंपाकघराकडे हाक मारली. "जयमाला, चहा झाला का?"

मी कप अजून थोडा पुढे केला.

"अगं ए, उशीर व्हतोय. मानसं येतील."

"मी इथंच आहे," मी म्हटलं.

ह्यांचा पाय पेडलवरून उठला. डोकं सावकाश उजवीकडे वळलं. आधी कप दिसला असेल, मग हात, मग मी. स्क्रीनवरची मोटार रस्ता सोडून गवतात गेली आणि थांबली.

"कवा आलीस?"

"मघाशीच. तुम्ही हाक मारायच्या आधी."

हे डब्याकडे बघत राहिले. परत समोर बघितलं, परत माझ्याकडे वळले. असं दोन-तीनदा केलं. समोर बघताना मी जात होते आणि वळलं की येत होते, हे त्यांचं त्यांना कळत होतं. मला ते बघवत नव्हतं. मी म्हटलं, अहो, राहू द्या, चहा घ्या.

"तुला पाडलं असतं मी," हे म्हणाले. "दार उघडं असतं तर कळलंबी नसतं मला."

ह्यांना मी सासरे गेले तेव्हा पण रडताना बघितलं नव्हतं. आवाज न करता रडले. मग शर्ट वर करून करदोटा सोडायला लागले. गाठ जुनी, सुटेना. मीच सोडवली. इतके दिवस मागितलेली किल्ली माझ्या तळव्यात आली आणि मला ती नकोशी झाली.

बाहेर माणसं येऊन जीपपाशी थांबली होती. मी जाऊन सांगितलं, आज गाडी जाणार नाही. का म्हणून कुणी विचारलं, तर म्हटलं, विकली. दगडाबाई बाजरीची पाटी घेऊन उभ्या होत्या, दळून दे म्हणाल्या. मी म्हटलं, जरा बसा, ह्यांची एक फेरी होऊ द्या, मग मोटर लावते.

आत आले तर हे तसेच बसले होते, हात चाकावर. मी परत डब्यावर बसले, ह्या वेळी कोपराला कोपर लागेल इतका डबा जवळ ओढून. म्हटलं, चला, मला नेवाशाला जायचंय.

ह्यांनी डावा पाय क्लचच्या जागी ठेवला. मग गाडी गवतातून रस्त्यावर घेतली आणि गिअर टाकला.

"दार धर," म्हणाले.

दार नव्हतंच. मी टेबलाची कड धरली.